वरातीच्या गाडीचा मिस्त्री

राजारामपुरीतल्या आमच्या घरात कुणी नवं माणूस जेवायला आलं की ताटं उचलायच्या आत वरातीच्या गाडीची गोष्ट निघायचीच. ती सांगण्याचा मान माझ्या सासऱ्यांचा. ते हायस्कुलात हेडमास्तर होते आणि वर्गात धडा रंगवावा तशी ती रंगवायचे. कसबा बावड्याहून आलेली उघडी मोटार, मोटारीत नवरानवरी, दारात तांदळाचं माप मांडून उभ्या असलेल्या बायका, आणि मोटारीचे दरवाजे काही केल्या उघडेनात. या गोष्टीत एक मिस्त्री होता. उद्यमनगरातला, अनाडी, ज्यानं चांगल्या गाडीचा टप कापून ठेवला आणि तोंड लपवलं. मिस्त्रीचं वर्णन आलं की पाहुणे हसायचे, नणंद हसायची, आमचे हे हसायचे, आणि ताक वाढता वाढता मीही हसायचे. असा कुणी मिस्त्री नव्हता. टप मी कापला होता. हसणाऱ्यांपैकी आता मी आणि नणंद अशा दोघीच उरलो आहोत, आणि तिला तर सकाळी काय खाल्लं तेही आठवत नाही. तेव्हा आता लिहायला हरकत नाही असं म्हणून कागद पुढे ओढला, तरी कान तापलेच.

माझं माहेर बावड्यात, शेवटच्या गल्लीच्या टोकाला. पुढे चार खणांचं घर आणि मागे लांबलचक परडं. परड्यात शेवग्याचं झाड, कोंबड्यांचं खुराडं, पाय धुवायचा दगड, आणि तीन बाजूंना भिंती व चौथ्या बाजूला पोत्याचा पडदा अशी न्हाणी. आप्पा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात फिटर होते. हंगामात त्यांचं तोंड दिसायचं नाही. पाळी कुठलीही असो, घरी आले की अंगाला मळीचा आंबूस वास आणि बोलणं ओरडून, कारण दिवसभर यंत्रांच्या घरघरीत तसंच बोलावं लागे. ‘मीठ दे’ हेसुद्धा आमच्याकडे सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. आई त्यांना खुणेनं हळू बोलायला सांगायची आणि ते ‘हळूच बोलतोय की’ हे आणखी मोठ्यानं सांगायचे. हंगाम संपला, भोंगा थांबला, की मात्र त्यांना घर खायला उठायचं. मग कोंबड्यांच्या खुराड्याला बेअरिंगचं दार बसव, आईच्या जात्याला तेलाची नळी लाव, असले उद्योग चालायचे.

एका उन्हाळ्यात त्यांनी गावातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या गोठ्यातून जुनी विलायती मोटार आणली. आणली म्हणजे, ऊस वाहायच्या बैलगाडीमागे दोरखंडानं बांधून ओढत आणली. आप्पा आत स्टिअरिंग धरून बसले होते आणि वळण आलं की खिडकीतून हात बाहेर काढून दाखवत होते. मागून गल्लीतली सगळी पोरं. मी तेव्हा नळावर होते. रांगेतली एक बाई म्हणाली, “शके, तुज्या बानं बैलाची मोटार आणली की गं.” मी भरलेली घागर तिथंच सोडून मागच्या बोळानं घरी पळाले. ती घागर संध्याकाळी आईनं जाऊन आणली. त्याआधी तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. मडगार्डांना गंजून भोकं पडलेली, दरवाज्यांना पोचे आलेले, टपावर चिमण्यांची शीट. “आता माजी वाळवणं कुटं घालू?” एवढंच ती म्हणाली.

आम्हाला मोटारीतून कुठं जायचं होतं असं नाही. पण लहानपणी आप्पांनी आजोबांच्या खांद्यावर बसून दसऱ्याची संस्थानची मिरवणूक पाहिली होती, आणि तिच्यातली उघडी गाडी त्यांच्या डोक्यातून कधी गेली नाही. “टपाच्या गाडीत मान्सानं काय बसायचं, पेटीत घातल्यागत? गाडी म्हंजे उगडी पायजे. मान्सानं मान्साला बगितलं पायजे,” असं ते म्हणायचे. आपल्याला कुणीतरी बघावं ही हौस आप्पांना होती, आणि कुणी बघू नये अशी माझी धडपड असायची. बापलेकीत एवढाच फरक होता, बाकी हट्टीपणा सारखाच.

पत्र्याचं काम खरं तर आप्पांनाही येत नव्हतं. ते फिटर. नट, बोल्ट, शाफ्ट हे त्यांचं, इंजिन त्यांनी एकट्यानं चालू केलं. ओळखीच्या गॅरेजात बसून काय काय बघून यायचे आणि घरी येऊन करू बघायचे. त्यांना पलीकडून धरायला कुणीतरी हवं होतं. मला भाऊ नव्हता, थोरली बहीण लग्न होऊन गडहिंग्लजकडे गेलेली, मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली. “शकू, धर जरा,” असं ते म्हणाले, आणि मी दरवाज्याच्या आतून लोखंडी ठोकळा दाबून धरला. बाहेरून हातोडी बसली की तळहातापासून दातांपर्यंत झिणझिण्या जायच्या. मग एकदा त्यांना कारखान्यातून बोलावणं आलं, म्हणून अर्धवट राहिलेला पोचा मी ठोकून बघितला. आल्यावर त्यांनी त्यावरून हात फिरवला, माझ्याकडे बघितलं, आणि हातोडी माझ्या हातात दिली.

पत्र्याला जोर चालत नाही. आप्पांचा हात फिटरचा, दणका द्यायची सवय. जास्त मारलं की पत्रा ताणतो, पातळ होतो आणि डब्याच्या झाकणासारखा इकडून दाबला की तिकडे टक्‌कन उडतो. पोच्याच्या मधोमध ठोकायचं नसतं. कडेपासून गोल गोल, हलक्या हातानं येत येत मध्यावर यायचं, आणि मध्यावर आल्यावर थांबायचं. आई भाकरी थापायची तेव्हा परातीत तिची बोटं कशी कडेनं फिरायची ते मी लहानपणापासून बघत होते, त्याचाच उपयोग झाला असावा. हातोडीचे वळ उठतात म्हणून मी आईची कपडे धुवायची मोगरी पळवली. ताणलेला पत्रा आखडायचा असेल तर रुपयाएवढी जागा गॅसनं लाल करायची आणि ओल्या फडक्यानं चुर्र करून विझवायची. तो गॅस कार्बाइडवर पाणी सोडून तयार व्हायचा. त्याचा कुजक्या लसणासारखा वास आमच्या आमटीत उतरायचा. जेवताना आई नाक मुरडायची. मला मात्र तो वास आला की भूक लागायची. डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवायचा, जिथं बोटांना काही कळत नाही तिथं काम झालं असं समजायचं, हे सुख मी कुणाला सांगितलं नाही. मुलीच्या जातीला हे आवडावं हीच मला मोठी लाज वाटायची. बहिणीला क्रोशाची आवड होती. ती चारचौघांत सांगता यायची.

बाहेर कळता कामा नये, हे कुणी न सांगता ठरलं होतं. “पोरीचं हात बगा की,” आई आप्पांना म्हणायची. “बगाय येणारी मान्सं हात बगत्यात, पत्रा न्हाय बगत.” माझ्या मनगटांवर ठिणग्यांचे काळे ठिपके, तळहातांना घट्टे, नखांत गंज. संध्याकाळी दिवा लावला की आई माझे हात मांडीवर घेऊन साय आणि हळद चोळत बसायची. “कोण इचारलं तर तव्याचं भाजलंय म्हणायचं,” असं शिकवून ठेवलं होतं. पण हंगाम सुरू झाला आणि अडचण आली. आप्पा कारखान्यात, आणि आमच्या परड्यातून ठोकाठोकीचा आवाज चालूच. गल्लीनं विचारलं. तेव्हा आईनं चुलीपुढून न उठता सांगितलं, “मिस्त्री ठेवलाय. उद्यमनगरातनं येतोय.” झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात मिस्त्री आला. कुणी दार वाजवलं की मी हातोडी टाकून मागच्या बाजूनं स्वयंपाकघरात पळायची आणि राखेनं हात घासायची. आई येणाऱ्याला सांगायची, “आत्ताच गेला बगा मिस्त्री. जेवाय गेला.” आमचीही चेष्टा चालायची. दुपारी आई कपात चहा ओतून ठेवायची आणि आप्पा घरी असले तर त्यांना म्हणायची, “मिस्त्रीला चा द्या.” मी परड्यात चहा पीत हसायची. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

स्थळ राजारामपुरीतून आलं. वडील हेडमास्तर, मुलगा सरकारी कचेरीत. आम्हाला ते स्थळ जरा वरचंच होतं. बघायला आले तेव्हा मी हात पदराखाली घेऊन बसले, तरी पोह्यांची बशी देताना सासूबाईंना मनगट दिसलंच. “हाताला काय झालं गं?” त्यांनी विचारलं. माझ्याआधी आई म्हणाली, “तव्याचं भाजलंय. समद्या घराची भाकरी तीच करतीया.” सासूबाई हेडमास्तरांकडे बघून म्हणाल्या, “कामसू आहे हो मुलगी.” मी खाली मान घातली. सगळ्यांना तो विनय वाटला. खरं सांगायचं तर मला भाकरी धड येत नव्हती, माझी भाकरी तव्यावर टाकताना फाटायची.

बैठक आमच्याकडे झाली. आईनं मटणाचा बेत केला होता, आणि पांढरा रस्सा पिऊन हेडमास्तरांच्या कपाळाला घाम आला होता. मानपानाचं बोलणं झालं. शेवटी ते सहज म्हणाले, “वरातीला एखादी मोटार बघू आम्ही.” आप्पा ताडकन म्हणाले, “मोटार आमची. उगडी मोटार. माजी लेक माज्या मोटारीतनं तुमच्या दारात उतरंल.” हे कारखान्यातल्या आवाजात. म्हणजे बैठकीनं ऐकलं तसं गल्लीनंही ऐकलं. हेडमास्तरांनी कौतुकानं विचारलं, “तुमच्याकडे उघडी मोटार आहे?” आप्पा म्हणाले, “करालोय. मिस्त्री हाय आमचा, उद्यमनगरात तसा दुसरा न्हाय.” आतल्या खोलीत दाराआड मी उभी होते. माझी एवढी स्तुती आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा केली, आणि ती अशी.

तोवर गाडीला टप होता. आता तो उतरवायचाच होता. खांब मीच कापले, करवतीच्या पानानं, आणि जिथं पान पोचेना तिथं छिन्नीनं. आप्पा टप वरून धरून उभे होते. “लॉरीचा टप काढला म्हणून लॉरी मोडती व्हय?” असं ते म्हणाले आणि मलाही ते पटलं. आम्ही पाहिलेल्या लॉऱ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळ्यांना खाली जाड लोखंडी सांगाडा असायचा आणि वरचं सगळं त्यावर नुसतं ठेवलेलं. या गाडीला खाली तसा सांगाडा नव्हता. तळ, दरवाज्यांखालच्या पट्ट्या म्हणजे उंबरे, खांब आणि टप मिळूनच तिचं अंग एकमेकांना धरून होतं. टप काढला की ती मधून वाकणार, हे ज्याला माहीत असतं त्याला माहीत असतं. आम्हाला नव्हतं. त्यात आणखी एक झालं. काम सोपं पडावं म्हणून चाकं काढून गाडी मधोमध घडीव दगडांवर टेकवलेली होती, म्हणून तिचा वाक दिसलाच नाही. दगडांवर असताना मी चारही दरवाजे नवीन कडा मारून बसवले. दरवाजा आणि खांब यांच्यामध्ये फट राहते ना, ती चारी बाजूंनी एकसारखी, करंगळी जेमतेम जाईल एवढी. दरवाजा लावला की ‘खट’ असा एकच आवाज. आप्पा दिवसातून कितीदा तरी परड्यात जाऊन तो उघडून लावून बघायचे. मोतिया रंग दिला तेव्हा तर आईसुद्धा पदरानं गाडी पुसताना दिसली.

चाकं चढवून दगड काढले, आणि मी सवयीनं फटीत करंगळी घातली. वर ती अडकली.

“आप्पा, वरनं फट बारीक झालीया.”

“नवं हाय. बसंल हळूहळू.”

“बसाय लागलंय म्हणून तर सांगतोय मी. परत दगडावर घेऊया. खालनं दोनी उंबऱ्यांना लोखंडी अँगल मारूया.” बावड्यात आम्ही बायकाही ‘मी सांगतो, मी जातो’ असंच बोलायचो. ‘सांगते, जाते’ मी राजारामपुरीत शिकले.

“आज हळद हाय तुजी,” आप्पा म्हणाले. “हळद लागल्यावर हातोडी धरणार हाईस व्हय?”

हळद लागलेल्या नवरीनं उंबरठा ओलांडायचा नाही, लोखंडाला हात लावायचा नाही, असं आमच्याकडे कडक होतं. आणि बाहेरचा मिस्त्री बोलवावा, तर आमच्याकडे मिस्त्री आहेच असं सगळ्या गावाला सांगितलेलं. दुपारी आत्या-मावश्यांनी मला पाटावर बसवलं. हळद चोळताना मनगटावरचे डाग बघून एक मावशी म्हणाली, “तव्यानं लई छळलंय की पोरीला.” सगळ्या हसल्या. मी परड्याच्या दाराकडे बघत होते.

लग्न दुपारी आमच्याच दारात लागलं आणि ऊन उतरल्यावर वरात निघाली. आप्पा गुलाबी फेटा बांधून स्टिअरिंगवर. मागे आम्ही दोघं. पुढे बँड. यांचे मित्र नाचून दमले की मागच्या डिकीवर चढून बसायचे, कधी दोघं, कधी चौघं. मी मुंडावळ्यांखाली मान घालून बसले होते आणि हिरव्या चुड्याचा हात हळूच दरवाज्याच्या कडेला नेऊन फट चाचपत होते. बावडा सुटताना करंगळीचं टोक जात होतं. लाइन बझारला नुसतं नख. दसरा चौकात आप्पांनी गाडी मुद्दाम हळू केली. बँडवाल्यांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तिथं ते थांबून वाजवू लागले. आप्पा ताठ बसले, फेट्याचा शेमला पाठीवर सोडला, आणि दोन्ही बाजूंच्या बघ्यांना हात जोडत राहिले. त्यांचा तो आनंद मला पाठमोराच दिसत होता. त्याच वेळी माझ्या बोटाला लागलं की आता फट उरलेली नाही, पत्रा पत्र्याला टेकलाय.

“काही टोचतंय का?” यांनी विचारलं. हे माझ्याशी बोललेले त्यांचे पहिले शब्द. मी नाही म्हणून मान हलवली. डिकीवरची पोरं उतरवा, एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पण बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, तुला कसं कळलं. आणि नव्या नवरीला गाडीचं अंग वाकलेलं कळतं, याहून लाजिरवाणी गोष्ट मला त्या वेळी सुचत नव्हती.

दारात पोचलो. सासूबाई भाकरतुकडा घेऊन पुढे आल्या, उंबऱ्यावर माप मांडलेलं. यांनी दरवाजाचा खटका ओढला. दरवाजा हलला नाही. माझ्या बाजूचाही नाही. आप्पांनी उतरायचं म्हटलं तर पुढचेही जाम. ते वरूनच, फेटा सावरत, एक पाय टाकून बाहेर आले आणि बँडमधला एक पोरगा फिसकन हसला. मग सगळेच हसले. कुणी म्हणालं, नवरीला वरनंच उचला. कुणी म्हणालं, भूक लागली तर आत ताट द्या. हेडमास्तर हसत नव्हते. “अहो, हे काय आणलंत तुम्ही?” एवढंच त्यांनी सभ्यपणे विचारलं. आप्पा दरवाजा ओढत होते. त्यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. मग ते वळले आणि सगळ्या राजारामपुरीला ऐकू जाईल असं म्हणाले, “मिस्त्रीनं वाट लावली बगा. त्येचं हातच मोडलं पायजेत.”

माझे हात मांडीवर होते. हळदीनं पिवळे, कोपरापर्यंत चुडा. मी ते शालूखाली घेतले.

आप्पांनी ठरवून म्हटलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आताही कळतं. माणूस बुडायला लागला की हाताला येईल ते धरतो, आणि मिस्त्री तर आम्हीच हाताशी ठेवलेला होता. तरीही ते वाक्य अजून जसंच्या तसं ऐकू येतं. तेवढ्यात यांच्याकडचे एक पाहुणे शेजारून पहार घेऊन आले आणि तिचं टोक त्यांनी माझ्या दरवाज्याच्या कडेला लावलं. ती कड मी किती दुपारी बसून मारली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “पहार लावू नका. मधी उंबऱ्याखाली जॅक लावा. दोन बोटं उचला, आपसूक उगडतंय.”

माझा आवाज अगदी आप्पांसारखा निघाला. बँड थांबला होता, म्हणून तो आणखीनच मोठा वाटला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुंडावळ्या बांधलेली नवरी, आणि जॅक. हेडमास्तरांनी चष्म्यातून बघत विचारलं, “तुला गं काय माहीत?”

आप्पा घाईनं म्हणाले, “मिस्त्रीचं ऐकून ऐकून.”

मी मान हलवली. हो, ऐकून ऐकून.

डिकीतून जॅक काढला, खाली फळी घातली, गाडी मधून थोडी उचलली आणि दरवाजा उघडला, खट असा आवाज करून, जसा परड्यात करायचा तसा. उतरताना मी बघितलं, कडेचा रंग कुठंही उडाला नव्हता, आणि अशा वेळीही मला बरं वाटलं. मग माप ओलांडून आत गेले. मागे वळून आप्पांकडे बघायचं राहिलं. राहिलं कसलं, बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात आप्पा मला न्यायला आले ते एस.टी.नं. माहेरी गेले तर परड्यात गाडी नव्हती. त्यांनी स्वतः छिन्नी लावून तिचे तुकडे केले होते आणि भंगारवाल्याला दिले होते. जमिनीवर चार घडीव दगड तेवढे होते, त्यांवर आईच्या सांडग्यांचं सूप. सासरी माझे हात हळूहळू मऊ झाले. भाकरी येऊ लागली. सासऱ्यांची गोष्टही तोवर तयार झाली होती आणि पहिल्यांदा ती ऐकताना मी स्वयंपाकघरात निघून गेले. दुसऱ्यांदा थांबले. नंतर हसायला शिकले. जॅकचा भाग गोष्टीत कधी यायचा नाही. आपल्यावर मेहेरबानी म्हणून ते तो गाळतात, असं मी समजत होते.

पहिल्या बाळंतपणाला बावड्यात होते तेव्हाची सकाळ. तोवर न्हाणीचा पोत्याचा पडदा गेला होता आणि तिथं दरवाजा आला होता, त्याच गाडीचा, मागचा डावा, वरातीत मी बसले होते त्या बाजूचा. आप्पांनी तो भंगारात घातलाच नव्हता. दोन लाकडी खांब रोवून, खाली मोटारीचा दरवाजा आणि वर उंचीपुरता बांबूचा तट्टा, असं ते ध्यान होतं. पण फट चारी बाजूंनी सारखी, करंगळी जाईल एवढी. मी आत होते. अंगाला तेल लावलेलं, बादलीत कढत पाणी काढलेलं. बाहेर आवाज आला. सासरे नातवाला बघायला एकटेच आले होते आणि आप्पा त्यांना पाय धुवायला परड्यात घेऊन आले होते. मी तांब्या खाली ठेवला.

“हा त्याच मोटारीचा दरवाजा की काय?” सासरे म्हणाले.

“व्हय.”

“काय सुरेख बसलाय हो. ही कड बघा. असं काम करणाऱ्या माणसानं टपाचा तेवढा घोटाळा कसा केला?”

पायांवर पाणी ओतल्याचा आवाज आला. मग आप्पा बोलले, इतकं हळू की मला दरवाज्याला कान लावावा लागला.

“मिस्त्री कोण न्हवताच, पावणं. समदं शकूनं केलंय. टप काढायचं येड माजं. ती अँगल मारूया म्हणत हुती, मीच न्हाय म्हटलं.”

“तिनं जॅक म्हटलं तेव्हाच समजलो मी,” सासरे म्हणाले. त्यांनी पाय पुसल्याचा आवाज आला. “पण असू दे. चारचौघांत मिस्त्रीच बरा.”

आणि त्यानंतर जन्मभर ते मिस्त्रीचीच गोष्ट सांगत राहिले, माझ्यासमोर, माझ्याच हातचं जेवून. मीही त्यांना कधी अडवलं नाही.

आप्पांनी माझं नाव घेतलं, तर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मीठ मागताना सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा माणूस, मिस्त्रीचे हात मोडा म्हणून राजारामपुरी दणाणून सोडणारा माणूस, आणि माझं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्याचा आवाज असा खाली गेला, याची मला फार लाज वाटली. त्यांची नव्हे, माझीच. खटका हातात धरून मी तशीच उभी राहिले. सासरे आत गेल्याचं कळलं, आईनं त्यांना चहा विचारलेलाही ऐकू आला. आप्पा मात्र दगडापाशीच होते.

थोड्या वेळानं ते नेहमीच्या आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “शकू, पाणी गार झालं असंल. आटप.”

“व्हय आप्पा,” मी म्हणाले, आणि ते गार झालेलं पाणी अंगावर घेऊ लागले.